रमाबाईंची साक्ष

पंडिता रमाबाईंनी १९०७ साली लिहिलेली साक्ष रात्री वाचून संपवली. पुस्तक लहानसं, पण झोप उडाली.

सिल्चरच्या घरात हाती आलेलं लूकचं शुभवर्तमान, १८८३ चा इंग्लंडमधला बाप्तिस्मा, १८८९ मध्ये मुंबईत उघडलेलं शारदा सदन. एवढं होऊनही त्या सांगतात की कित्येक वर्षं आपल्याला ख्रिस्ती धर्म गवसला होता, ख्रिस्त गवसला नव्हता. संस्था उभी, जगभर नाव झालेलं, आणि तरी हे लिहायचं! माझ्या मते पुस्तकाचा प्राण इथेच आहे. मी समजत होते की आधी हाक स्पष्ट ऐकू येते, मग माणूस कामाला लागतो. इथे काम आधी सुरू झालं, खात्री मागून आली.

मग दुष्काळ. १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतातून उपाशी मुली त्यांनी आणल्या, केडगावला आसरा दिला. (त्यांचे स्वतःचे आईवडीलही दुष्काळातच गेले होते.) भूक ओळखीची होती, म्हणून या मुलींकडे पाठ फिरवणं त्यांना शक्यच नव्हतं, असं मला वाटतं.

पुढे मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला घेतलं. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली, तरी ते काम १९२२ पर्यंत, त्यांच्या अखेरपर्यंत चाललं. त्या महिन्यांत त्या लिहायला कशा बसल्या असतील? साक्ष त्याआधीची, तिच्यात याचं उत्तर नाही. त्यांची पत्रं मिळवून वाचायला हवीत.