तवंदीच्या घाटापलीकडे

बेळगाव सोडले, की काकती आणि संकेश्वरची हिरण्यकेशी मागे पडते. तवंदीचा घाट उतरला, की निपाणी. हंगामात तंबाखूचा उग्र दर्प वेशीवरच स्वागत करतो. गतवर्षी दर रविवारी मी ही वाट तुडवली. या घाटात सायकलवरून पडून माझ्या स्नेह्यांच्या मांडीचे हाड मोडले होते.

आमचा जुना वाद ध्वनियंत्रांचा. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा व्हॉल्व्हचा रेकॉर्ड प्लेअर, माझ्याकडे दोन स्पीकरांचा स्टिरिओ. अपघातानंतर मात्र त्यांनी आपल्या यंत्रावर जे कापड टाकले, ते काढलेच नाही. बोलणेही खुंटले.

शेवटी एका रविवारी मी माझा सारा संच गाडीत घालून नेला. सोबत कुमार गंधर्वांची तबकडी. १९२४ साली बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या या गायकाचे एक फुप्फुस क्षयाने निकामी केले. काही वर्षे गाणे बंद पडले. तरी ते पुन्हा गायले.

माझ्या संचावर तबकडी संपली. स्नेही उशीला टेकून बसले. म्हणाले, "तबला तुमच्याकडे घुमतो खरा, पण कुमारांचा श्वास कुठे आहे? काढा ते कापड!"

मी बटण दाबले. आवाज येईना. मी चुळबुळलो.

"थांबा मास्तर, व्हॉल्व्ह तापू द्या. घाई करून सूर येत नाही."

सूर आला. श्वासासकट आला. वाद मी आनंदाने हरलो.

दोन महिन्यांनी गेलो, तेव्हा तबकडी उलटवायला ते काठी टेकत स्वतःच उठले. मी मुद्दामच बसून राहिलो.