हौदा की तिसरी रांग

हायलक्स पिकअप आणि फॉर्च्युनर एसयूव्ही या टोयोटाच्या एकाच घरातल्या गाड्या. शिडीसारखी चासी तीच, 2.8 लिटरचे डिझेल इंजिन तेच, फोर बाय फोरची सोयही दोन्हींत. निवड अडते ती मागच्या चाकांपाशी.

हायलक्सला मागे पाटे आहेत आणि पाटे असतात वजनासाठी. हौदा रिकामा असला की खड्ड्यावर गाडीचा मागचा भाग उडतो. चार-पाच गोण्या पडल्या की तीच गाडी शांत होऊन रस्ता धरते. फॉर्च्युनरला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, त्यामुळे खराब रस्त्यावर मागे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाची कंबर वाचते. घरात आई-वडील असतील तर हा मुद्दा बाकी सगळ्यांवर भारी पडायला हवा.

हायलक्सची लांबी 5325 मिलिमीटर, फॉर्च्युनरची 4795. दोन चाकांमधले अंतर 3085 आणि 2745. हा फरक कातळाच्या उंचवट्यावर कळतो: लांब गाडीचे पोट आधी टेकते. घाटातल्या अरुंद वळणावर तिला पुन्हा मागे घ्यावे लागते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये तर फूटपट्टी घेऊनच ठरवावे.

पण हौद्याची मोकळीक वेगळीच. शेणखत, चिखलाचे बूट, ओला तंबू काहीही टाका, पाण्याचा पाइप मारला की स्वच्छ. पावसाळ्यात मात्र ताडपत्री नीट आवळावी लागते, नाहीतर कोपऱ्यातून शिरलेले पाणी पिशव्यांच्या तळाशी साचते. हायलक्समध्ये माणसे पाचच. फॉर्च्युनरमध्ये सात, पण तिसरी रांग भरली की सामानाला जागा जेमतेम उरते.