क्रॉन

दर मिनिटाला तो जागा होतो. या मिनिटाला कुणाची पाळी आहे का, ते तक्त्यात बघतो आणि नसेल तर पुन्हा डोळे मिटतो. क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप सुरू करणारा प्रोग्रॅम; लिनक्सवरचा आजचा क्रॉन बहुतेक ठिकाणी पॉल विक्सी यांनी १९८७ साली लिहिलेल्या क्रॉनच्याच घराण्यातला. कालव्यावरच्या पाटकऱ्यासारखा तो पाळीचा पक्का आहे, आणि अर्थ लावणं त्याच्या स्वभावातच नाही.

त्याला पाचच गोष्टी सांगायच्या: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. पण तारीख आणि वार दोन्ही सांगितलेत, तर त्यातलं एक जुळलं तरी तो कामाला लागतो. १३ तारखेचा शुक्रवार सांगा, तो दर शुक्रवारी जाईल आणि दर १३ तारखेलाही. टर्मिनलवर सुरळीत चालणारी स्क्रिप्ट त्याच्या हाती अडते, कारण आपल्याला ठाऊक असलेल्या वाटा त्याला ठाऊक नसतात. प्रत्येक कमांडचा पूर्ण पाथ लिहून द्यावा. टक्क्याचं चिन्ह दिसलं की तो ओळ तिथेच तोडतो. फाइलच्या नावात तारीख घालणारे कितीतरी बॅकअप इथेच मोडतात. कामातून काही आउटपुट आलं तर तो मालकाला मेल लिहितो खरा, पण मेलची सोयच नसलेल्या सर्व्हरवर ते कोण वाचणार? म्हणून त्याचं बोलणं लॉग फाइलमध्ये उतरवून घ्यावं.

एका पतसंस्थेचा बॅकअप मी रात्री २.३० ला लावला होता. तो सकाळी ८ ला सुरू व्हायचा आणि काउंटर उघडताना सगळी यंत्रणा मंदावायची. सर्व्हर युटीसीवर होता, आपण साडेपाच तास पुढे. टाइमझोन बदलला, घड्याळ बरोबर दिसू लागलं, मी निश्चिंत झालो. दुसऱ्या दिवशी पुन्हा ८!

दोष त्याचा नव्हता. सुरू होताना जो टाइमझोन मिळाला, तोच त्याने धरून ठेवला होता; नंतरचा बदल त्याला कुणी कळवलाच नव्हता. इतका एकनिष्ठ नोकर मी दुसरा पाहिलेला नाही, आणि त्याच्यावर चिडल्याचं मला आजही वाईट वाटतं.

क्रॉन बंद करून पुन्हा सुरू केला. त्या रात्रीच्या लॉगमधली पहिली ओळ २.३० ची आहे.