परतीची वाट

आमच्या बीड जिल्ह्याला समुद्र नाही. तरी कमांडर दिलीप दोंदे यांच्याविषयी वाचताना मला घरच आठवले. १९ ऑगस्ट २००९ रोजी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून ते मुंबईहून एकटेच निघाले. पृथ्वीप्रदक्षिणा करून १९ मे २०१० रोजी परतले. शेवटचा टप्पा केपटाऊन ते मुंबई. भोवती अथांग पाणी, पण पिण्याजोगे नाही. एकट्याला सलग झोपही नाही.

माझे आई-दादा दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. मध्यरात्री ट्रक आला की भरायला उठतात. गतवर्षी पट्टा पडून ते परतले, तेव्हा परीक्षेचे निमित्त करून मी वसतिगृहातच राहिले. खरे तर मैत्रिणींपुढे मला त्यांच्या कोयत्याची लाज वाटली होती.

दोंद्यांच्या स्वागताला मुंबई होती. यंदा आई-दादांसाठी वेशीत मी उभी असेन.