रविवारचं रोस्ट, सोमवारची काटकसर

लीड्सला ऑनसाइट गेलात की सहकारी रविवारी पबमध्ये रोस्ट बीफ खायला नेतातच. पण यॉर्कशायरच्या घरची खरी चव कळते ती सोमवारी!

माझ्या घरमालकीणबाई ऐंशी पार केलेल्या. ब्रिटनमध्ये मांस रेशनवर आलं मार्च १९४० मध्ये आणि सुटलं थेट जुलै १९५४ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर नऊ वर्षांनी. त्यांचं बालपण याच हिशेबात गेलं. म्हणून त्यांच्याकडे यॉर्कशायर पुडिंग आधी वाढतात, गरम ग्रेव्हीसोबत. पोट थोडं भरलं की मांस कमी लागतं, साधं गणित!

सोमवार पूर्वी धुण्याचा वार. स्वयंपाकाला वेळ कुणाला? मग रोस्टचे गार काप आणि ‘बबल अँड स्क्वीक’, म्हणजे उरलेला बटाटा-कोबी तव्यावर खरपूस परतलेला. मंगळवारी राहिलेलं मांस बारीक करायचं, कांदा, गाजर, ग्रेव्ही घालायची, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन ओव्हनमध्ये सारायचं. झाला कॉटेज पाय! बीफऐवजी लँब असेल तर तोच शेफर्ड्स पाय. ट्रेमध्ये थिजलेली चरबी म्हणजे ड्रिपिंग. ती पावावर लावून वर मीठ. तिच्या तळाच्या तपकिरी जेलीवरून भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या म्हणे.

मला आपली फोडणीची पोळी आठवली. आणि वीकेंडची उरलेली बिर्याणी सरळ डब्यात टाकणारे आपण! हाडांचं काय करता, असं मी विचारलं. बाई हसल्या, “सूप! आणखी काय?”