कट्ट्यावरचे 'चिपळूणकर'

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालण्याची शिक्षा सुनावली. कचेरी दादरला, घर नायगावच्या चाळीत. तेव्हा कचेरी सुटली की शिवाजी पार्कला फेऱ्या मारायच्या, कट्ट्यावर घटकाभर टेकायचे आणि मग घरची वाट धरायची, असा क्रम ठरला.

कट्ट्यावरच्या पाच-सहा जणांनी आठवडाभरातच आम्हांला आपल्यात सामावून घेतले. एक बँकेतून निवृत्त झालेले काका, एक शाळामास्तर, एक औषधाचे दुकान असलेले गृहस्थ. क्रिकेट, गुडघेदुखी, मुलांच्या नोकऱ्या, असे नेहमीचे विषय. एके दिवशी बँकवाल्या काकांनी विचारले, "अहो, आपले नाव नाही कळले?"

आमचे आडनाव कांबळे. तीन अक्षरे. ती ओठापर्यंत आली आणि परत गेली. "चिपळूणकर," आम्ही म्हणालो. आमचे गाव चिपळूण तालुक्यातले, म्हणजे काही अगदीच खोटे नव्हे, अशी मनाची समजूतही लगेच घातली.

"म्हणजे निबंधमालेच्या चिपळूणकरांपैकी का?" मास्तरांनी विचारले. आम्ही नुसते हसलो. ज्या विष्णुशास्त्र्यांनी जोतिराव फुल्यांवर लेखणी परजली, त्यांचे आम्ही एका क्षणात भाऊबंद झालो!

असे का केले? दर रविवारी विहारात मुलांना स्वाभिमानाचे धडे देणारे आम्ही. पण लग्नानंतर भाड्याची खोली शोधत फिरलो होतो, तेव्हाची आठवण आत कुठेतरी बसली होती. मालकाने खोली दाखवली, चहा पाजला, मग आडनाव विचारले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, खोली भाच्याला दिली. आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जो अर्ध्या क्षणाचा पडदा पडतो, तो आपल्यापैकी कुणाला ठाऊक नाही? तो पडदा संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासात तरी नको होता.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. डिसेंबर लागला आणि मैदानात बांबू येऊन पडले. महापरिनिर्वाण दिनासाठी येणाऱ्यांच्या मुक्कामाचे मंडप उभे राहू लागले. कट्ट्यावर सुरू झाले, "आता चार दिवस फिरणे बंद. येतील आणि घाण करून जातील." एकाने म्हटले, दुसऱ्याने री ओढली. मग औषधवाले आमच्याकडे वळून म्हणाले, "काय चिपळूणकर, खरे की नाही?"

आम्ही म्हणालो, "हो ना."

वाचकहो, आयुष्यात आम्ही पुष्कळ चुका केल्या, पण ते दोन शब्द विसरता येत नाहीत. नागपूर, नांदेड, परभणीकडून रात्रभर डब्याच्या दारात उभी राहून येणारी आमची म्हातारी माणसे, आणि त्यांच्याविषयी आम्हीच म्हणालो, हो ना! नाव लपवले तेव्हा वाटले होते, कुणाचे काय बिघडते? त्या संध्याकाळी कळले की नावाबरोबर उत्तर देण्याचा हक्कही आपण त्यांच्या हवाली केला होता. चिपळूणकर काय बोलणार?

सहा तारखेला आमच्या मंडळाचा पाणीवाटपाचा टेबल होता. पांढरा सदरा, छातीवर नावाचा बिल्ला. दुपारी गर्दीतून बँकवाले काका आले. हातात पुस्तकांची पिशवी. ते दर वर्षी इथे पुस्तके घ्यायला येतात, हे आम्हांला माहीतच नव्हते. त्यांनी बिल्ला वाचला. मग आमच्या तोंडाकडे पाहिले. "कांबळे," ते सावकाश म्हणाले, "एक पेला पाणी द्या." पाणी प्यायले आणि गेले.

त्या रात्री झोप नाही. बाबासाहेबांचा बडोद्याचा प्रसंग डोळ्यांपुढे येत राहिला. 1917 साली परदेशातून शिकून आलेल्या त्या विद्वानाला सबंध शहरात राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी वसतिगृहात पारशी नाव नोंदवून राहावे लागले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. 'मूकनायक' निघाला तो 31 जानेवारी 1920 रोजी. तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पुढे 1927 च्या मार्चमध्ये महाडचे पाणी चाखले आणि 3 एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाला, तो मात्र संपादक म्हणून स्वतःचे नाव घालून.

म्हणजे नाव झाकणे हे नेहमीच भ्याडपणाचे नसते. डोक्यावर छप्पर हवे, लेखणी चालू राहायला हवी, यासाठी माणसाला नाव झाकावे लागते, आणि त्याचा दोष झाकायला लावणाऱ्याचा असतो. बाबूराव बागुलांनी 'जेव्हा मी जात चोरली होती' ही कथा लिहिली, तिचा संग्रह 1963 साली आला. त्या नायकाला मार खावा लागला. आम्हांला कट्ट्यावर कोण काठी मारणार होते? नोकरी जाणार नव्हती, घर जाणार नव्हते. आम्ही नाव विकले ते फक्त सोबतीच्या सुखासाठी. हा फरक आम्हांला स्वतःशी कबूल करावा लागला.

मंडप उतरल्यावर आम्ही कट्ट्यावर गेलो आणि बसण्याआधीच सांगितले, "आमचे नाव कांबळे. सहा तारखेची गर्दी आमची आहे. त्या दिवशी 'हो ना' म्हणालो, ते चुकले."

कुणी काही बोलेना. औषधवाल्यांना काहीतरी काम आठवले. मास्तरांनी विचारले, "मग तेव्हाच का नाही सांगितलेत?" आम्ही म्हणालो, "सांगितले असते, तर तुम्ही माझ्यासमोर ते बोलला असता का?" मास्तर गप्प झाले. काका थोडे सरकले आणि कट्ट्यावर हात थोपटला. आम्ही बसलो. औषधवाले अजून दुसऱ्या बाजूने फिरतात.

इथे लेख संपवता आला असता. पण गेल्या महिन्यात मुलीला पुण्यात नोकरी लागली. खोली शोधताना तिचा फोन आला, "बाबा, घरमालकीण आडनाव विचारतात. काय सांगू?"

कट्ट्यावर मिळवलेली हिंमत तिच्या हातात देणे सोपे होते. पण परक्या शहरात रात्री कुठे टेकायचे, हा प्रश्न तिचा होता. आम्ही म्हणालो, "बाळा, तू ठरव. लपवलेस तरी आम्ही रागावणार नाही. फक्त कुणी आपल्या माणसांना नावे ठेवली, तर 'हो ना' म्हणू नकोस."

तिने खरे नाव सांगितले. दोन खोल्या गेल्या. तिसरी मिळाली, थोडी लांब, भाडेही जास्त. पहिला पगार येईपर्यंत तो फरक आम्ही पाठवतो आहोत. समाजातल्या आईबापांना एवढेच सांगणे आहे की मुलांना नुसते 'ताठ मानेने नाव सांगा' म्हणू नका. त्या नावापायी जास्तीचे भाडे पडणार असेल, तर ते भरायची तयारीही ठेवा.

बिल्ला आता कचेरीच्या पिशवीतच असतो.

जयभीम.