एक कान पदेरासाठी

आमच्या वाळपईत 'व्यायाम म्हणून' चालणारा माणूस पूर्वी नव्हताच. चालणं होतं. कुळागरात पाणी लावायला, काजूच्या भाटात, बस चुकली की वेळूसच्या आतेकडे. व्यायाम करायचे ते पोलीस ट्रेनिंग स्कूलमधले रिक्रूट. पहाटे त्यांच्या शिट्ट्या ऐकू आल्या की आजी हाक मारायची, "उठा रे, पोलिसांचे दात घासून झाले!"

मग भरतीसाठी आमचे धाकटे काकाही धावायला लागले, आणि त्याच सुमाराला मस्कतहून मामांनी वॉकमन आणला. त्याच्या कानांचा तो नारिंगी स्पंज आठवतो ना? दोन पावसाळ्यांत त्याचा भुगा व्हायचा आणि कानाच्या पाळीला चिकटायचा. आईने काकांच्या फाटक्या मोज्याची दोन टोपडी शिवली, बाळाला शिवतात तशी, आतून दोरा ओवून. आत टेप असायची गायक अभिषेकीबुवांची. बुवा मंगेशीचे, म्हणजे आमचेच. पण त्या मोज्यातून ते शेजारच्या घरात दार लावून गात असल्यासारखे वाटायचे.

धावताना टेप हलायची आणि चांगली चढत गेलेली तान मध्येच खड्ड्यात जायची. सेल उतरले की बुवांचा आवाज जाड व्हायचा. मग सेल उन्हात ठेवायचे. सत्तरीच्या पावसाळ्यात ऊन कुठलं? म्हणून चुलीच्या वैलाशेजारी ठेवायचे, आणि आजीने ओरडून ते काढायला लावायचे. वायर तुटायची ती पिनेपाशीच. काटकोनात वाकवून सुतळीने बांधली की दोन्ही कान चालत, सुतळी सैल झाली की एक. बाजारातला रेडिओवाला डाग देऊन द्यायचा, पण डागाचे पैसे ऐकून आम्ही सुतळीच घट्ट करायचो.

पुढे बटणासारखे कानात खुपसायचे इयरफोन आले, तेव्हा मी आणि धाकटा भाऊ एकेक कान वाटून घ्यायचो. एका वायरीवर दोघांनी चालायचं तर पाय जुळावे लागतात. त्याने डबक्यावरून उडी मारली की माझा कान उपटला जायचा. 1979 साली सोनीने पहिला वॉकमन काढला, त्याला म्हणे दोन इयरफोनसाठी दोन भोकं होती. एकट्याने ऐकत बसणं उद्धटपणाचं दिसेल असं कंपनीच्या मोरितांना वाटलं होतं. मामांनी आणलेल्याला एकच होतं. आमचा उद्धटपणा तिथूनच सुरू झाला असावा.

आता पुतण्याकडे आहेत ते बिनवायरीचे, चिंचोक्याएवढे. घामाने सहसा बिघडत नाहीत, धावताना सहसा पडत नाहीत, आणि बाहेरचा आवाज आत टिपून त्याच्या उलट लाट सोडून तो गिळून टाकतात. एका सकाळी मी ते घालून निघालो. खरं सांगतो, तीच जुनी भैरवी, पण तानपुऱ्याच्या तारा वेगवेगळ्या ऐकू आल्या त्या दिवशी पहिल्यांदा. तिठ्यापर्यंत मी चालत नव्हतो, तरंगत होतो.

घरी आलो तर चहा तयार आणि उंडे नाहीत. पदेर, म्हणजे आमचा पाववाला, भोंगा वाजवत माझ्या अंगाजवळून गेला होता. शेजारचे म्हणाले, हातसुद्धा केला त्याने. शीळकरी कस्तूर त्या दिवशी बोलला की नाही तेही कळलं नाही. म्हादईचं रान इथून लांब नाही. मागे गवा उभा असता तरी मी तानपुराच ऐकत राहिलो असतो.

जूनमध्ये पुतण्याच्या डाव्या कानातला चिंचोका व्हाळात पडला. हा काही सुतळीने जुळणारा नाही, म्हणून तो हळहळला. उरलेला उजवा आता आम्ही दोघं आळीपाळीने घालतो, आणि घरात उंडे वेळेवर येतात.